विभूतिभूषण बंद्योपाध्याय : उपेक्षित रानाचे जतन

अर्वाचीन बंगाली साहित्यात निसर्गाचे चित्रण प्रारंभापासून आढळते. बंकिमचंद्रांच्या ‘कपालकुंडला’ (१८६६) या कादंबरीतील निर्जन समुद्रतीर व अरण्य, रवींद्रनाथांच्या कथांतील पद्मेचे विस्तीर्ण पात्र ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. परंतु या निसर्गात बहुधा काहीतरी भव्य, दूरचे अथवा क्वचितच दृष्टीस पडणारे असे असते. घराच्या कुंपणालगत आपोआप उगवणारी, कोणी न लावलेली व कोणी न शिंपलेली झाडेझुडपे, बांबूच्या बेटाखालची पडीक जागा, नदीकाठचे गवत यांना कादंबरीत मानाचे स्थान देण्याचे कार्य विभूतिभूषण बंद्योपाध्याय (१८९४–१९५०) यांनी केले. ‘पथेर पांचाली’चे लेखक म्हणून त्यांचे नाव भारतभर झाले आणि सत्यजित राय यांच्या चित्रपटामुळे ते जगभर पोहोचले. त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट मात्र या कीर्तीमागे झाकली गेली आहे. ज्या वर्षांत ते आपल्या गावच्या रानाची आठवण कागदावर उतरवीत होते, त्याच वर्षांत एका जमीनदारीचे नोकर या नात्याने दुसरे एक रान मोडून तेथे कुळे वसविण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांच्या निसर्गप्रेमाचा विचार या वस्तुस्थितीसह केला, तर त्यांच्या लेखनातील जतनाच्या प्रेरणेला निराळा अर्थ प्राप्त होतो.

विभूतिभूषणांचा जन्म १२ सप्टेंबर १८९४ रोजी कांचरापाड्याजवळील मुरातिपूर या गावी, त्यांच्या आजोळी झाला. त्यांचे स्वतःचे गाव बराकपूर. हे लष्करी छावणीचे बराकपूर नव्हे. इच्छामती नदीच्या काठी, बनगाव व गोपालनगर यांच्या परिसरात वसलेले हे एक लहानसे खेडे असून त्या काळी ते जेसोर जिल्ह्यात मोडत असे. १९४७ च्या फाळणीत बनगावचा भाग जेसोरपासून तोडून पश्चिम बंगालला जोडण्यात आला आणि आज तो उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील महानंद बंद्योपाध्याय हे संस्कृतज्ञ असून व्यवसायाने कथक होते. बंगालमधील कथक म्हणजे आपल्याकडील पुराणिक आणि हरिदास यांच्या मधला प्रकार म्हणता येईल. गावोगाव हिंडून पुराणकथा सांगाव्या, गावे, श्रोत्यांनी दिलेल्या बिदागीवर संसार चालवावा, अशी ही वृत्ती होती. अशा घरात लक्ष्मीचा वास क्वचितच असतो. पाच भावंडांत विभूतिभूषण सर्वांत थोरले. आई मृणालिनीदेवींनी दारिद्र्यात चालविलेल्या त्या संसाराची छाया पुढे ‘पथेर पांचाली’तील हरिहर आणि सर्वजया यांच्या घरावर स्पष्टपणे पडलेली दिसते.

बनगावच्या हायस्कुलात ते शिकत असतानाच १९११ साली वडिलांचे निधन झाले. तरीही शिक्षण न सोडता १९१४ मध्ये ते प्रवेशपरीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि कलकत्त्याच्या रिपन कॉलेजात दाखल झाले. हेच कॉलेज पुढे सुरेंद्रनाथ कॉलेज या नावाने ओळखले जाऊ लागले. १९१६ मध्ये इंटर व १९१८ मध्ये बी.ए. या परीक्षा त्यांनी दिल्या. एम.ए. आणि कायदा या दोन्ही वर्गांत नाव घालूनही परिस्थितीमुळे त्यांना ते अभ्यास अर्ध्यावर सोडावे लागले. बी.ए. होण्यापूर्वीच, १९१७ साली बसिरहाटजवळच्या पानितर गावच्या गौरीदेवींशी त्यांचा विवाह झाला होता. दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच गौरीदेवी निवर्तल्या. या आघातानंतर सुमारे बावीस वर्षे ते एकटेच राहिले. पुढे घाटशिला येथे घेतलेल्या घराला ‘गौरीकुंज’ हे नाव मिळाले, यावरून ती आठवण किती खोल होती हे कळते.

या पुढील काळातील त्यांच्या नोकऱ्या पाहिल्या, तर त्यांत कोणताही ठरलेला मार्ग दिसत नाही. हुगळी जिल्ह्यातील जांगीपाडा येथे आणि नंतर कलकत्त्याच्या दक्षिणेस असलेल्या हरिनाभी येथे त्यांनी शाळामास्तरकी केली. हरिनाभीस असतानाच १९२२ च्या आरंभी रामानंद चट्टोपाध्याय यांच्या ‘प्रवासी’ मासिकात त्यांची पहिली कथा ‘उपेक्षिता’ प्रसिद्ध झाली. नंतर केशोराम पोद्दार या व्यापाऱ्याच्या आश्रयाखालील गोरक्षिणी सभेचे फिरते प्रचारक म्हणून त्यांनी पूर्व बंगाल व आराकान या भागांत भ्रमण केले. ‘अभियात्रिक’ या प्रवासग्रंथात त्या भ्रमंतीचे चित्र आहे. त्यानंतर कलकत्त्यातील पाथुरियाघाटा येथील खेलातचंद्र घोष यांच्या घराण्यात खाजगी शिक्षक म्हणून ते राहिले, आणि याच घराण्याने १९२४ साली आपल्या भागलपूरकडील जमीनदारीचे साहाय्यक व्यवस्थापक म्हणून त्यांना बिहारमध्ये पाठविले. विभूतिभूषणांच्या वाङ्मयीन जीवनाला निर्णायक वळण मिळाले ते येथे.

या नोकरीचे स्वरूप थोडे समजून घेणे आवश्यक आहे. घोषांची ही जमीन गंगेच्या उत्तरेकडील दियाऱ्याची होती. दियारा म्हणजे नदीच्या प्रवाहाने खाल्लेली आणि प्रवाह सरकल्यावर पुन्हा वर आलेली जमीन. अशी जमीन काही वर्षे पडीक राहिली की तिच्यावर उंच काशगवत आणि झाऊची झुडपे माजतात, आणि पाहता पाहता ती कोसच्या कोस रानासारखी दिसू लागते. इस्माइलपूर, आझमाबाद इत्यादी ठिकाणी असलेल्या कचेऱ्यांतून या जमिनीची व्यवस्था पाहिली जात असे. नवी कुळे शोधावी, त्यांच्याकडून सलामी, म्हणजे आपल्याकडील नजराणा, घ्यावी, मोजणी करून जमीन लावून द्यावी, आणि सारा वसूल करून तो कलकत्त्यास मालकांकडे पाठवावा, हे व्यवस्थापकाचे कर्तव्य होते. कुळांनी रान जाळल्याशिवाय व तोडल्याशिवाय शेती होणार नव्हती. अर्थात रान जितके लवकर नाहीसे होईल तितका व्यवस्थापक कर्तबगार ठरे.

याच काळात, एप्रिल १९२५ मध्ये विभूतिभूषणांनी ‘पथेर पांचाली’ लिहावयास घेतली. तीन वर्षांनी, एप्रिल १९२८ मध्ये ती पूर्ण झाली. भागलपूरचे ‘बडा बासा’ हे निवासस्थान आणि दियाऱ्यातील गवताने शाकारलेल्या कचेऱ्या येथे बसून ते शेकडो मैल दूर राहिलेल्या इच्छामतीकाठच्या एका खेड्याचे चित्र रेखाटीत होते. कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात दुर्गेचे पात्र नव्हते, भागलपुरात केस विस्कटलेली एक अनोळखी मुलगी दृष्टीस पडल्यावर त्यांनी सर्व लेखन पुन्हा नव्याने केले, असे त्यांच्या परिचितांकडून सांगितले जाते. भागलपुरात वकिली केलेले उपेंद्रनाथ गंगोपाध्याय यांनी नुकतेच ‘विचित्रा’ हे मासिक कलकत्त्यात सुरू केले होते. त्यांनी ही कादंबरी १९२८–२९ मध्ये क्रमशः छापली, आणि १९२९ साली सजनीकांत दास यांच्या पुढाकाराने ती ग्रंथरूपाने बाहेर आली. मिर्झापूर स्ट्रीटवरील खाणावळवजा मेसमध्ये विभूतिभूषणांचे सहवासी असलेले नीरद चौधुरी यांनी या लेखनाला आरंभापासून उत्तेजन दिले होते. लेखकाचे वय या वेळी पस्तीस होते आणि कादंबरीकार म्हणून त्यांचे नाव कोणास ठाऊक नव्हते.

‘पथेर पांचाली’त घडामोडी थोड्या आहेत. निश्चिंदिपूर या खेड्यात एका गरीब ब्राह्मणाची अपू आणि दुर्गा ही दोन मुले वाढतात. दुर्गा तापाने मरते. कुटुंब गाव सोडून काशीस जाते. या कथानकाला भरीवपणा येतो तो घराभोवतीच्या वनस्पतिसृष्टीमुळे. कलकत्त्यासारख्या नगरीला वनस्पतींच्या जतनाची परंपरा नवी नव्हती. शिबपूरचे वनस्पती उद्यान १७८७ साली कंपनी सरकारच्या आश्रयाने स्थापन झाले होते, आणि रॉक्सबर्ग यांच्या देखरेखीखाली तेथे भारतीय चित्रकारांनी शेकडो वनस्पतींची रेखीव रंगचित्रे काढली होती. परंतु त्या उद्यानाची स्थापना झाली ती प्रामुख्याने उपयुक्त व व्यापारी मोलाच्या वनस्पतींसाठी. विभूतिभूषणांनी निवडलेल्या वनस्पतींना बाजारात किंमत नव्हती, आणि बागेत तर त्या तण म्हणून उपटल्या गेल्या असत्या.

त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येणारी नावे पाहावीत. सोंदाल म्हणजे आपला बहावा, आकंद म्हणजे रुई, शिमूल म्हणजे सावर, छातिम म्हणजे सातवीण, शिउली म्हणजे पारिजातक, तेलाकुचा म्हणजे रानतोंडली. महाराष्ट्रातील कोणत्याही गावाच्या वेशीवर सहज भेटणारी ही मंडळी आहेत. वसंतात पडीक जागा पांढऱ्या फुलांनी भरून टाकणारे घेंटूचे झुडूप तर त्यांच्या लेखनाची जणू खूणच होऊन बसले आहे. विभूतिभूषण ‘रानफुले’ अथवा ‘वेली’ अशा सामान्यनामांवर भागवीत नाहीत. प्रत्येक वनस्पतीचा ते गावच्या बोलीतील नावाने उल्लेख करतात. ती कोणत्या महिन्यात फुलते, कोणत्या वेळी तिचा वास येतो, तिचे फळ कोण खाते, हे सांगतात. परभाषेत त्यांचा अनुवाद करणाऱ्यास सर्वांत अवघड जाते ते हेच, कारण शास्त्रीय नाव दिले तर ओळख जाते आणि सामान्यनाम दिले तर झाडच जाते. भारतीय भाषांत परस्पर अनुवाद करताना ही अडचण पुष्कळ कमी होते. बहाव्याला सोंदाल म्हणणारा आणि सोंदालीला बहावा म्हणणारा या दोघांनीही तो चैत्र-वैशाखात पाहिलेला असतो.

या निसर्गाचे दुसरे अंग म्हणजे त्याचा भुकेशी असलेला संबंध. दुर्गा रानावनात भटकते ती केवळ सौंदर्याच्या ओढीने नव्हे. घरात न मिळणारे गोड, आंबट, तुरट असे काहीतरी तिला तेथे मिळते. दुसऱ्याच्या बागेतील फळे उचलल्याबद्दल ती चोर ठरते आणि मारही खाते. अपूच्या डोळ्यांना रान अद्भुत दिसते ते दुर्गेने त्याला त्यात नेल्यामुळे. सौंदर्य आणि उदरभरण या दोन गोष्टी लेखक एकमेकींपासून वेगळ्या काढीत नाही. पुढे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर लिहिलेल्या ‘अशनि संकेत’मध्ये हेच सूत्र भीषण रूपात परत येते. तांदूळ नाहीसा झाल्यावर खेड्यातील माणसे रानातील कंद खणतात, पाला गोळा करतात. हा दुष्काळ पावसाने आणलेला नव्हता. युद्धकाळातील धान्यव्यवहाराने आणलेला होता. शेते हिरवी असताना माणसे मरत होती, हे त्या कादंबरीतील सर्वांत भयंकर दृश्य आहे. विभूतिभूषणांवर जीवनविन्मुखतेचा आरोप त्यांच्या हयातीत व नंतरही झाला. ‘पथेर पांचाली’तील भूक आणि ‘अशनि संकेत’मधील उपासमार एका ओळीत ठेवून वाचल्यास तो आरोप टिकत नाही.

दुर्गेच्या मृत्यूचा प्रसंगही या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. चित्रपटात भाऊ-बहीण काशाच्या फुलांतून धावत जाऊन आगगाडी पाहतात, हे दृश्य जगप्रसिद्ध आहे. मूळ कादंबरीत दुर्गेला आगगाडी कधीच पाहावयास मिळत नाही. बरी झाल्यावर ती दाखविण्याविषयी ती अपूला विनविते, आणि ते राहूनच जाते. आगगाडीत अपू बसतो तो गाव सोडून जाताना. ज्या गाडीने त्याला मोठ्या जगाकडे नेले तिनेच बहिणीला आणि रानाला मागे टाकले, ही जाणीव त्याच्या मनात तेव्हापासून राहते. टी. डब्ल्यू. क्लार्क आणि तारापद मुखर्जी यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी अनुवादात कादंबरीचा ‘अक्रूर संवाद’ हा शेवटचा भाग गाळलेला आहे, आणि चित्रपटही गाव सोडण्यापाशी संपतो. त्यामुळे परभाषिक वाचकाला निश्चिंदिपूर दिसते ते वर्तमानात. गावापासून तुटलेला अपू परमुलखात त्याची मनाशी पुन्हा पुन्हा उभारणी कशी करतो, हा भाग त्याच्या वाट्याला येत नाही. जतनाच्या दृष्टीने पाहता कादंबरीचा तोच भाग महत्त्वाचा आहे.

‘अपराजित’ (१९३२) या उत्तरार्धात ही कल्पना पूर्णत्वास जाते. प्रौढ झालेला अपू कलकत्त्यातील कोंदट खोल्यांत राहतो, पत्नी गमावतो, आणि अखेर आपला लहान मुलगा काजल याला निश्चिंदिपुरास घेऊन येतो. घर पडलेले असते, अंगणात झाडी माजलेली असते. बालपणीच्या ओळखीच्या राणूदिदीच्या हाती मुलाला सोपवून तो स्वतः दूरदेशी निघून जातो. पित्याजवळ मुलाला देण्यासारखे धन काही नाही. ज्या रानाने त्याला घडविले ते रानच तो वारसा म्हणून मुलाच्या स्वाधीन करतो. विभूतिभूषणांच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र तारादास बंद्योपाध्याय यांनी ‘काजल’ नावाची कादंबरी लिहून ही कथा पुढे नेली, हा योगायोग केवळ कौटुंबिक म्हणता येणार नाही.

भागलपूरच्या नोकरीचा अनुभव मात्र या दोन्ही कादंबऱ्यांत आलेला नाही. तो जवळजवळ दशकभर त्यांच्या रोजनिशीत पडून राहिला. फेब्रुवारी १९२८ मध्येच, म्हणजे ‘पथेर पांचाली’ पूर्ण होण्याच्या सुमारास, या रानातील जीवनावर काही लिहावयाचे असल्याची नोंद त्यांनी करून ठेवली होती. जमीनदारीची नोकरी संपल्यानंतर ते कलकत्त्यास परत आले आणि धर्मतला भागातील खेलातचंद्र कलकत्ता इन्स्टिट्यूशन या शाळेत शिक्षक झाले. या शाळामास्तरांच्या जगाचे चित्र त्यांच्या ‘अनुवर्तन’ या कादंबरीत आहे. दिवसा शाळा, सायंकाळी शिकवण्या आणि रात्री मेसमधील खाटेवर लेखन, अशा क्रमात १९३७ ते १९३९ या काळात ‘आरण्यक’ ‘प्रवासी’तून क्रमशः प्रसिद्ध झाली व १९३९ मध्येच तिचा ग्रंथ झाला. गावाची कादंबरी त्यांनी रानात लिहिली, आणि रानाची कादंबरी शहरात. दोन्ही वेळी वर्ण्यविषय डोळ्यांसमोरून गेलेला होता.

‘आरण्यक’चा निवेदक सत्यचरण हा कलकत्त्यातील एक बेकार पदवीधर आहे. मित्राच्या ओळखीने त्याला पूर्णियाकडील जंगलाची जमीनदारी सांभाळण्याचे काम मिळते. आरंभी त्याला या निर्जनतेचा कंटाळा येतो. पुढे त्याच रानाने तो इतका भारून जातो की शहर त्याला असह्य वाटू लागते. आणि नेमका त्याच सुमारास फुलकिया, लवटुलिया, नाढा बैहार हे एकेक भाग कुळांना लावून देण्याचे काम त्याच्या हातून पार पडते. कादंबरीची सुरुवात कलकत्त्याच्या मैदानावर, किल्ल्याच्या बाजूस बसलेल्या सत्यचरणाच्या स्मरणाने होते, ही योजना अर्थपूर्ण आहे. रानाचा सारा आणि सलामी ज्या शहराकडे वाहत गेली त्याच शहराच्या मध्यावर बसून तो त्या रानाची आठवण काढतो. आठवणीत सुखापेक्षा अपराधाचा अंश अधिक आहे, हेही तो लपवीत नाही. कादंबरीच्या शेवटी तो अरण्यदेवतांची क्षमा मागून निरोप घेतो.

तथापि विभूतिभूषणांनी हा प्रश्न सोपा करून मांडलेला नाही. ज्यांना जमीन मिळाली ती माणसे कंगाल होती. मका, खेसारी आणि चीना गवताचे दाणे हेच ज्यांचे अन्न, भात ही ज्यांच्या दृष्टीने मेजवानी, अशा गांगोता शेतकऱ्यांना व मजुरांना सत्यचरण जवळून पाहतो. या जमिनीच्या जुन्या कुळांनाही तो विसरत नाही. नदीने त्यांचे गाव बुडविले आणि जमीन वर आल्यावर जमीनदाराने ती त्यांना परत दिली नाही. निराधार कुंतेला तो सलामी न घेता जमीन देतो. म्हणजे रानाचा नाश हा एका अर्थी भुकेल्यांचा निवाराही आहे. राजू पांडे नावाचा एक वृद्ध दोन बिघे जमीन घेतो, पण पूजापाठ व ग्रंथवाचन यांत रमून ती साफ करण्याचे त्याला जमतच नाही. तो हास्यास्पद होत नाही. उलट लेखकाची सारी माया त्याच्याकडे आहे. सांतालांचा वृद्ध राजा दोबरू पन्ना आणि त्याची पणती भानुमती यांच्या रूपाने रानाचे खरे धनीही कादंबरीत येतात. राज्य गेलेल्या या घराण्याजवळ आता गुरे आणि पूर्वजांची समाधिस्थाने एवढेच उरले आहे.

या सर्व पात्रांत युगलप्रसादाचे स्थान अगदी वेगळे आहे. कचेरीत कारकुनी करणारा हा मनुष्य दूरदूरच्या ठिकाणांहून फुलझाडांच्या बिया व वेलींच्या मुळ्या आणतो आणि सरस्वती कुंडी नावाच्या तळ्याकाठच्या जंगलात गुपचूप लावतो. जमीन त्याची नाही, फुले विकावयाची नाहीत, त्याने ती लावली हे कोणास कळणारही नाही. एरवीच्या हिशेबात हे वेड ठरते, आणि गावची माणसे त्याला तसेच समजतात. व्यवस्थापक त्याचा सहकारी बनतो, त्याला बिया आणवून देतो, आणि सरस्वती कुंडीचा परिसर शक्य तितके दिवस बंदोबस्तापासून दूर ठेवू पाहतो. एका हाताने रान वाटून देणारा आणि दुसऱ्या हाताने त्याच रानात फुले लावणारा असा हा अधिकारी आहे. युगलप्रसादाला कोणती झाडे टिकणार आणि कोणती कुऱ्हाडीखाली जाणार हे ठाऊक नसते. तरी तो लावीत राहतो. विभूतिभूषणांच्या लेखनकर्माचे याहून समर्पक चित्र त्यांच्या ग्रंथांत दुसरे सापडत नाही.

‘पथेर पांचाली’ ज्या वर्षी मासिकात येऊ लागली त्याच १९२८ साली रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. वृक्षसंवर्धन हे समाजाचे कर्तव्य आहे, हा विचार त्या उत्सवातून संस्थेच्या रूपाने उभा राहिला. विभूतिभूषणांजवळ संस्था नव्हती व अधिकारही नव्हता. त्यांच्याजवळ होती ती रोजनिशी. ‘स्मृतिर रेखा’ (१९४१), ‘तृणांकुर’ (१९४३), ‘ऊर्मिमुखर’ (१९४४), ‘उत्कर्ण’ (१९४६) या नावांनी त्यांच्या दैनंदिन नोंदी पुढे प्रसिद्ध झाल्या. आज कोणते फूल दिसले, नदीवर प्रकाश कसा पडला होता, कोणता तारा कोठे होता, याची ही टिपणे आहेत. ती वाचताना मराठी वाचकाला दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ची (१९५६) आठवण होणे स्वाभाविक आहे. महिन्यामहिन्याने बदलणाऱ्या नित्याच्याच सृष्टीकडे दोघेही नव्या कुतूहलाने पाहतात. भेद इतकाच की दुर्गाबाईंच्या निबंधांत लोकपरंपरेचा व्यासंग जोडीला असतो, तर विभूतिभूषणांच्या टिपणांत लवकरच दुरावणार असलेल्या गोष्टीकडे पाहण्याची घाई जाणवते.

डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी रमादेवींशी दुसरा विवाह केला. पुढे कलकत्त्यातील शाळा सोडून ते बराकपुरास परतले आणि जवळच्या गोपालनगरच्या हरिपद इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षक झाले. कीर्ती मिळालेली असतानाही खेड्यातील शाळामास्तर राहणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. सुटीत ते सिंहभूम व सारंडाची जंगले पाहावयास जात. वनखात्यातील योगेंद्रनाथ सिन्हा यांचे साहचर्य त्यांना लाभे. ‘हे अरण्य कथा कओ’ (१९४८) हे पुस्तक या भ्रमंतीचे फळ होय. १९४७ मध्ये पुत्र तारादास यांचा जन्म झाला. १९५० मध्ये ‘इच्छामती’ ही कादंबरी ग्रंथरूपाने आली. निळीच्या मळेवाल्यांच्या काळातील आपल्या नदीकाठचे जीवन तीत त्यांनी रंगविले. मळेवाल्यांच्या कोठ्या उद्ध्वस्त होतात, त्यांवर रान चढते आणि नदी वाहत राहते, अशी या कादंबरीची कालदृष्टी आहे. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी घाटशिला येथे हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. वय छप्पन्न होते. ‘इच्छामती’ला मिळालेला रवींद्र पुरस्कार मरणोत्तर ठरला.

मृत्यूनंतर त्यांची कीर्ती वाढली, त्यात कलकत्त्याच्या प्रकाशन व्यवसायाचाही वाटा आहे. ‘पथेर पांचाली’ची मुलांसाठी केलेली ‘आम आँटिर भेंपू’ ही संक्षिप्त आवृत्ती सिग्नेट प्रेसने १९४४ मध्ये काढली. तिची चित्रे काढण्याचे काम तरुण सत्यजित राय यांच्याकडे आले, आणि त्या चित्रांतूनच पुढे १९५५ च्या चित्रपटाची कल्पना वाढली. आंब्याच्या कोयीची पिपाणी हा त्या शीर्षकाचा अर्थ. मुलांनी उकिरड्यावरून उचलावी अशी ती वस्तू एका पुस्तकाचे नाव झाली, तेथून चित्रकाराच्या हाती गेली आणि मग पडद्यावर आली. एका पिढीने दुसरीकडे ठेवा सोपविण्याचा हा मार्ग कोणी आधी आखलेला नव्हता.

विभूतिभूषणांनी ज्यांचे वर्णन केले त्यांतील बरेचसे आज उरलेले नाही. दियाऱ्यातील ते रान कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या आधीच शेतांत रूपांतरित झाले होते. इच्छामती गाळाने भरत गेली, आणि फाळणीनंतर तिच्या खोऱ्यातून आंतरराष्ट्रीय सीमा गेली. बनगावच्या परिसरात नदीकाठी पारमादन येथील अभयारण्याला विभूतिभूषणांचे नाव देण्यात आले आहे आणि तेथे हरणे राखली आहेत. हा सन्मान योग्यच आहे. मात्र ज्या वनस्पतींना त्यांनी नावानिशी साहित्यात आणले त्या अभयारण्यात मावणाऱ्या नाहीत. त्यांची जागा घराच्या मागे, वाटेच्या कडेला, पडक्या भिंतीत आहे, आणि तेथे त्यांचे रक्षण त्यांना ओळखणाऱ्या माणसांवरच अवलंबून असते. ती ओळख पुढील पिढीस करून देणे, हे काम विभूतिभूषणांच्या ग्रंथांनी केले. रान मोडण्याच्या कामात आपलाही हात होता हे ज्याला पुरते ठाऊक होते, अशा लेखकाने ते केले, म्हणून त्यांच्या निसर्गचित्रणात केवळ कौतुक नाही. त्यात ऋण मान्य करण्याचा प्रामाणिकपणा आहे, आणि भारतीय साहित्यातील निसर्गविषयक लेखनाचा अभ्यास करताना या प्रामाणिकपणाची नोंद वेगळी घ्यावी लागेल.